तीनशे एकोणसत्तर नाझिब्रोला

वाद जुना होता: कुणाचं यंत्र किती ओझं पेलतं.
म्हणून शनिवारी रात्री, तिबिलिसीत, नवव्या मजल्यावर,
एल्गुजाच्या स्वयंपाकघरात तीन संगणक मांडले
एकाच टेबलावर, पावाचा चुरा कोपराने सारून.

ओतियाचा मॅक: चंदेरी, पंखा नाही, हूं की चूं नाही,
पेपर सोपा गेलेल्या मुलासारखा कोरडा.
एल्गुजाचा काळा डबा, विंडोजवाला,
लिलोच्या बाजारातून घासाघीस करत एकेक भाग जमवलेला;
त्याचे पंखे सुरू झाले की वाटावं, खिडकी उघडी राहिली.
आणि माझा, बुडालेल्या बँकेच्या लिलावातला,
आत लिनक्स, पाठीवर अजून बँकेचा मालमत्ता क्रमांक.

नियम साधा. एक आवाज घ्यायचा,
त्यावर रिव्हर्ब चढवायचा, त्याची प्रत, प्रतीची प्रत,
बफर एकशे अठ्ठावीस, तिघांनाही तोच,
आणि पहिला तडतडाट जिथे होईल
तो आकडा पाकिटाच्या मागे लिहायचा.

आवाज कुणाचा, याचा विचार कुणी केला नाही.
हाताशी होती ती फाइल घेतली.
मंगळवारी माइक चालूच राहिला होता तेव्हा
आठव्या मजल्यावरच्या नाझिब्रोला दारात येऊन म्हणाल्या होत्या,
"पोरांनो, अकरा वाजले."
अडीच सेकंद.

चाळीस नाझिब्रोला. तिघेही निवांत.
सत्तरला माझा बँकवाला धापा टाकू लागला.
शहाण्णवला तुटला,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा.
काळा डबा एकशे एकतीसपर्यंत गेला, घर गरम करत.
मॅक एकशे बेचाळीस, आणि ओतिया
काहीच न बोलता दाढी खाजवत बसला, ते जास्त झोंबलं.
मी म्हणालो, बफर बत्तीसवर आणा, मग बोलू.
आणला.
त्यावर माझाच टिकला, ते दोघे साठीच्या आत गारद.
म्हणजे वाद होता तिथेच, फक्त आता
प्रत्येकाकडे आकडा होता.

दोन वाजता, चिडून, बफर परत वर नेला
आणि तिन्ही एकदम लावले.
तीनशे एकोणसत्तर बायका म्हणाल्या, पोरांनो, अकरा वाजले,
कुठल्यातरी मोठ्या दगडी घुमटाखाली उभं राहिल्यासारख्या.

दार वाजलं.
लिफ्टसाठी सुटं नाणं नसणार, जिना चढून आल्या होत्या,
गाऊनवर कोट. ओरडायला तोंड उघडलं
आणि स्वतःला ऐकलं.
मग खुर्ची ओढून बसल्या.
पुन्हा लावायला सांगितलं. आम्ही लावलं.
बोट काळ्या डब्याकडे: "ही उशिरा येते."

एल्गुजा हसला. कालबातोनो, चार मिलिसेकंद असतील,
माणसाच्या कानाला कळत नाहीत.
"एकतीस वर्षं ट्रंक एक्सचेंजला होते," त्या म्हणाल्या.
"व्लादिवोस्तोक लावून द्यायचे.
इकडचा विचारायचा, तू गप्प का?
तिकडचा गप्प नसायचा. त्याचं बोलणं वाटेत असायचं.
त्या तेवढ्यात लोकांची लग्नं मोडली.
मी मधे बसलेली असायचे, हेडफोन लावून,
मला दोघंही ऐकू यायचे, आणि बोलायची परवानगी नव्हती."

आम्ही मोजलं. साउंड कार्डाच्या सेटिंगमध्ये चूक होती.
अकरा मिलिसेकंद.
एल्गुजाने ते दुरुस्त केलं, मान वर न करता.

जाताना म्हणाल्या, एकदा एकटीच लावा, घुमट नको.
लावली. अडीच सेकंद, कोरडी.
"इतकी रागावते मी?"
आमच्यापैकी कुणी हो म्हणालं नाही, नाही पण म्हणालं नाही.
ओतियाने त्यांना एक मजला खाली सोडलं,
जिन्यात दिवा नव्हता म्हणून.

पाकीट गॅसच्या बिलाचं निघालं.
सोमवारी भरायला गेलो तेव्हा काचेपलीकडच्या मुलीने ते उलटून पाहिलं:
शहाण्णव, एकशे एकतीस, एकशे बेचाळीस,
आणि खाली, वेगळ्या शाईत, अकरा.
"हे कसलं रीडिंग?"

शेजारणीचं, मी म्हणालो.